गंजलेलं यान, निमिषद्वार आणि आमची बंद लिफ्ट

मी विज्ञानाचा माणूस नाही, हे आता आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळपर्यंत ते फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं आणि तिने ते इतकी वर्षं पोटात ठेवलं, याबद्दल मी तिचा आभारी आहे. मी पाणीपुरवठा खात्यात नोकरी करतो. लोक येतात, नळ बंद असला तरी आमचा मीटर फिरतो म्हणतात, तो का फिरत असावा हे मी त्यांना समजावून सांगतो आणि ते काहीही न समजता परत जातात. माझा आणि शास्त्राचा एवढाच संबंध. असा माणूस दोन विज्ञानपटांच्या नायकांवर आणि त्यांतल्या कल्पित विज्ञानावर तुलनात्मक व्याख्यान द्यायला उभा राहिला, तो काही हौस म्हणून नाही. लिफ्टपायी उभा राहिला.

इमारतीचा सेक्रेटरी मी. हे पद मला ज्या सभेत मिळालं, तिला मी गैरहजर होतो. पद मिळाल्यावर थोड्याच दिवसांत लिफ्ट बंद पडली. तिचा मेकॅनिक आला, दार सरकवून आत डोकं घातलं, बराच वेळ ते आतच ठेवलं आणि बाहेर काढून म्हणाला, ठरवा. दुरुस्त करायची तर दुरुस्त होईल, नवी बसवायची तर नवी बसेल. मी म्हटलं, तुमचं मत काय? तर म्हणाला, तुमचं ठरलं की सांगतो. असं म्हणून तो गेला. मला वाटतं हा माणूस आमच्याच खात्यात साहेब व्हायचा, चुकून लिफ्टकडे गेला.

आता ठरवायचं तर सभा हवी, आणि आमचा नियम असा की मोठ्या खर्चाला निम्म्याहून जास्त घरं हजर पाहिजेत. सभा बोलावली. वरच्या मजल्यांवरचे आले नाहीत, कारण लिफ्ट बंद. खाली येऊन परत वर कोण चढणार? खालच्या मजल्यांवरचे आले नाहीत, कारण त्यांना लिफ्ट लागतच नाही. मधल्या मजल्यावरचे दोघे आले, ते पाण्याच्या टाकीबद्दल भांडायला. परत सभा बोलावली, परत तेच. लिफ्ट दुरुस्त झाल्याशिवाय लिफ्टच्या सभेला लोक येणार नाहीत, हे मला हळूहळू कळायला लागलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण प्रश्न आईचा होता.

आम्ही सगळ्यांत वर राहतो आणि आईचे गुडघे गेलेत. लिफ्ट बंद पडली त्या दिवसापासून तिने खालच्या जमिनीवर पाय ठेवलेला नव्हता. तळमजल्यावर मावशी राहायच्या. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, पण सख्ख्यांहून जास्त. दोघींनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी शेजारी बसून इतरांच्या तारा जोडून दिल्या, आणि निवृत्तीनंतर एकाच इमारतीत घरं घेतली, ती संध्याकाळी अंगणातल्या बाकावर बसता यावं म्हणून. मावशींचं हृदय नाजूक, डॉक्टरांनी जिना चढायला साफ बंदी केलेली. त्यामुळे एक वर, एक खाली, आणि मधे आमची लिफ्ट तोंड मिटून उभी. दिवसभर फोन चालायचा. मी एकदा आईला म्हटलं, बोलणं होतंय ना रोज? त्यावर ती म्हणाली, "फोनवर आवाज येतो रे. माणूस येत नाही. जन्मभर तेच पाहिलंय आम्ही."

त्यात मावशींचं जायचं ठरलं. कायमचं. मुलगी दूरच्या गावी असते, ती म्हणाली, आता एकटीने राहायचं नाही. घर विकलं गेलं, सामान बांधायला सुरुवात झाली. मी आईला म्हटलं, खुर्चीत बसवून खाली नेतो, दोघं-तिघं हात लावू. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. म्हणाली, मी काय कपाट आहे का, चौघांनी जिन्यातून उतरवायला? सगळी इमारत दारात उभी राहून बघणार. म्हणजे मावशी जायच्या आत लिफ्ट चालू व्हायला हवी होती, आणि त्यासाठी सभा भरायला हवी होती. आई मला काही म्हणत नव्हती. तेच मला जास्त लागत होतं.

तोड बायकोने काढली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "सभा म्हणून बोलावलंत तर मीसुद्धा येणार नाही. सिनेमा दाखवा. लोक बसले की मधेच ठराव टाका." मी तिला म्हटलं, हे फसवणुकीसारखं होतं. ती म्हणाली, मग व्हा सत्यवादी आणि बसा एकटे. मी सिनेमा दाखवायचं ठरवलं.

कोणता सिनेमा, हे विचारायला मी दोन माणसांकडे गेलो, ही माझी पहिली चूक. एकाकडे जायला हवं होतं. पहिल्या मजल्यावर मास्तर राहतात, पदार्थविज्ञानाचे, निवृत्त. ते म्हणाले, 'गंजलेलं यान' दाखवा, त्यातलं विज्ञान पचण्यासारखं आहे. त्यांच्या समोरच्या दारात दंतवैद्य राहतात. ते म्हणाले, पचायचं कशाला, सिनेमा आहे का खिमट? 'निमिषद्वार' दाखवा. या दोघांचं जिन्यातल्या दिव्यावरून बिनसलेलं होतं, त्यामुळे एकाचं ऐकलं असतं तर दुसरा आला नसता, आणि दुसऱ्याबरोबर त्याच्याकडे दात दाखवणारी निम्मी इमारत आली नसती. मी दोन्ही दाखवायचं कबूल केलं.

अंगणात पडदा लावून सिनेमा दाखवायचा तर परवानगी लागते, असं कोणीतरी म्हणालं. असं कोणीतरी नेहमीच म्हणतं. मी कचेरीत गेलो. मी स्वतः कचेरीतला माणूस, म्हटलं एकमेकांना सांभाळून घेऊ. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, करमणूक की शिक्षण? करमणूक असेल तर खातं वेगळं, इमारत वेगळी, आणि तिथले साहेब रजेवर. मी म्हटलं, शिक्षण. मग त्यांनी विचारलं, दोन सिनेमे कशाला? एकात शिक्षण होत नाही का? माझ्या तोंडून निघून गेलं, तुलना करायची आहे. त्यांना तो शब्द फार आवडला. मग निवडक भागच दाखवायचे, कारण शिक्षणात पूर्ण सिनेमा बसत नाही, आणि तुलनात्मक व्याख्यान सक्तीचं. वक्ता कोण? मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

अशा तऱ्हेने मी विज्ञानाचा अभ्यासक झालो. दोन्ही सिनेमे पाहिले, पुढे-मागे करून पाहिले. 'गंजलेलं यान'चा नायक कप्तान आहे. दाढी वाढलेली, सदरा तेलकट, सिनेमाभर एकदाही आंघोळ नाही. यानातली बाकी सगळी माणसं बर्फाच्या पेट्यांत झोपलेली आणि हा एकटा जागा. यान जुनं, रोज काहीतरी निखळतं, रोज हा ते दोरी, चमचा, पट्टा, जे हाताला लागेल त्याने बसवतो. यान भोवऱ्यासारखं फिरत असतं म्हणून आतल्या माणसांना वजन जाणवतं, अशी शास्त्रीय बाब. शेवटी ते वेड्यासारखं फिरायला लागतं, सगळ्यांचं वजन दुप्पट होतं आणि तशात हा कप्तान पेटी फुटून जखमी झालेल्या सोबत्याला पाठीवर घेऊन लांबलचक शिडी चढतो. तिथे मी उशी घट्ट धरली होती, हे कबूल करतो.

'निमिषद्वार'चा नायक अगदी उलट. शास्त्रज्ञ. अंगात इस्त्रीचा पांढरा कोट, सिनेमाभर त्याने पेनापेक्षा जड वस्तू उचललेली नाही. याने एक दार बनवलंय. या दारातून माणूस आत गेला की त्याचा पार भुगा होतो, आणि दुसऱ्या गावातल्या दारातून तो जसाच्या तसा जुळून बाहेर पडतो. सगळं व्यवस्थित चाललेलं असतं, पण शेवटी हा स्वतः जातो तेव्हा त्याच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर निघतो आणि बायको त्याला घरात घ्यायला तयार होत नाही. माझ्या बायकोने एवढंच विचारलं, की ती तिळामुळे घेत नव्हती कशावरून.

मग सल्ले सुरू झाले. मास्तर जिन्यात गाठून सांगायचे, भोवऱ्याचं शास्त्र बरोबर आहे एवढं ठासून सांगा. दंतवैद्य मला खुर्चीत बसवून, तोंडात दोन अवजारं घालून विचारायचे, दातात भरलेलं सिमेंट त्या दारातून माणसाबरोबर येईल की मागे राहील? मी आँ आँ करायचो. ते म्हणायचे, बरोबर, येईल. शेजारचे शिंपीकाका म्हणाले, व्याख्यानाला कोट घाला, आणि कोट शिवायला घेऊन तो त्यांनी कार्यक्रमाच्या संध्याकाळी दिला, बाह्यांशिवाय. म्हणाले, बाह्या लावतो की नंतर. मी बिनबाह्यांचा कोट घालून व्याख्यानाला उभा राहिलो. लोकांना वाटलं ती अंतराळातली पद्धत आहे.

लोक मात्र आले. सिनेमा म्हटल्यावर वरचे उतरले, खालचे बाहेर पडले, निम्म्याहून कितीतरी जास्त घरं अंगणात खुर्च्या टाकून बसली. कुंपणाच्या भिंतीवर चादर ताणली होती. आई वर गॅलरीत खुर्ची टाकून कठड्यावर हनुवटी टेकून बसलेली, कानाला फोन. मावशी खाली आपल्या दाराशी बसलेल्या, त्यांच्याही कानाला फोन. वर आवाज पोचत नव्हता, म्हणून मावशी तिला संवाद सांगत होत्या, आणि मावशींना लांबचं नीट दिसत नव्हतं, म्हणून आई त्यांना चित्र सांगत होती. दोघींनी मिळून एक सिनेमा पाहिला. त्यांच्या चेहऱ्यांकडे माझं सारखं लक्ष जात होतं आणि व्याख्यानातली वाक्यं हरवत होती.

तरी मी बोललो. कप्तान म्हणजे आहे ते जपणारा माणूस, शास्त्रज्ञ म्हणजे नवं घडवणारा माणूस, असं म्हणालो. एक घाम गाळतो, एक डोकं चालवतो. आणि मग शेवटचं वाक्य टाकलं, जे मी तीन रात्री घोटून ठेवलं होतं. म्हटलं, "तर मंडळी, यान असो की दार, माणसाला वर-खाली जाता-येता आलं पाहिजे. म्हणून आता आपण आपल्या लिफ्टचा ठराव घेऊ." मला वाटलं टाळ्या पडतील.

मास्तर उठले. म्हणाले, सेक्रेटरींनी फार मोलाची गोष्ट सांगितली. कप्तानाने यान टाकून दिलं का? नाही. लिफ्ट दुरुस्त करा. लगेच दंतवैद्य उठले. म्हणाले, त्याच सेक्रेटरींनी सांगितलं की शास्त्रज्ञाने जुन्या दाराला ठिगळं लावली नाहीत. किडलेल्या दाताला किती दिवस सिमेंट भरणार? नवी लिफ्ट घ्या. झालं. ज्यांना आजवर लिफ्टचं काही सोयरसुतक नव्हतं, त्या सगळ्यांना एकदम मत फुटलं. खुर्च्या सरकल्या, इकडे यानवाले, तिकडे दारवाले. एक बाई आपल्या नवऱ्यापासून उठून पलीकडे जाऊन बसल्या, कारण त्यांना तिळाची गोष्ट पटली होती. ठरावाला हात वर करा म्हटलं की एका बाजूचे हात वर व्हायचे आणि दुसऱ्या बाजूचे त्यांचे हात खाली ओढायचे. सिनेमाच्या आमिषाने गोळा केलेली सभा माझ्याच तुलनेने उभी चिरली होती. मावशींच्या दारातून आत बांधलेल्या पेट्या दिसत होत्या, आणि मला तिथे बघवेना.

भांडण मग लिफ्टवरून विज्ञानावर घसरलं. दंतवैद्य म्हणाले, दुप्पट वजनात माणूस पाठीवर घेऊन शिडी चढणं साफ थाप आहे. मास्तर म्हणाले, मनात आणलं तर होतं. दंतवैद्य म्हणाले, अहो, तुमच्या अख्ख्या पक्षाने मिळून माणूस घेऊन आपला साधा जिना उतरून दाखवावा, मी आत्ता दुरुस्तीला हात वर करतो. मास्तर म्हणाले, दाखवतो. आणा माणूस. आता माणूस कुठून आणायचा? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला माझ्या जागेवर लहान झाल्यासारखं वाटत होतं, बाह्या नसल्यामुळे तर जास्तच.

तेवढ्यात मावशी दाराशी उभ्या राहिल्या. फोन कानाला तसाच. एक्स्चेंजमधल्या त्या कमावलेल्या आवाजात म्हणाल्या, "वरून निरोप आहे. ती विचारतेय, तुमच्या प्रयोगाला वजन म्हणून ती चालेल का?"

मी वर पाहिलं. आई गॅलरीत नव्हती. ती आत जाऊन पायात चपला घालत होती, हे मला नंतर कळलं.

कपाट म्हणून जिला खाली यायचं नव्हतं, ती आता शास्त्राचं उपकरण म्हणून खाली येणार होती. मास्तर आधी गांगरले, मग छाती काढून जिन्याकडे निघाले. कप्तानाने पाठीवर नेलं होतं, पण आईने पाठीवर बसायला ठाम नकार दिला, म्हणून खुर्ची आली. दंतवैद्यांनी हरकत घेतली की चौघांत वजन वाटलं गेलं तर दुप्पट कसं भरणार. मास्तर म्हणाले, तुम्हीच धरा एक पाय, म्हणजे कळेल भरतं का ते. अशा रीतीने दंतवैद्य पुढच्या डाव्या पायाला, मास्तर पुढच्या उजव्या पायाला, शिंपीकाका मागे, आणि चौथा पाय मला आला. मी चाललो आहे वाकून, घाम डोळ्यांत, आणि खुर्चीत आई फोन कानाला लावून जिन्याचं वर्णन करतेय. "लाइनवर राहा गं. आता वळण आलं. दाताचे डॉक्टर लाल झालेत. माझा मुलगा? आहे मागे कुठेतरी, धापा ऐकू येताहेत."

प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवायची आणि प्रत्येक टेकवणीला वाद. दंतवैद्य म्हणायचे, ही चढण नाही, उतरण आहे, प्रयोग बाद. मास्तर म्हणायचे, यान उलटं फिरतंय असं समजा. बोलायला दम उरेना तसे दोघेही गप्प झाले, आणि शेवटच्या मजल्यावर मी पाहिलं, की दंतवैद्य आपल्या बाजूने खुर्ची थोडी उंच धरतायत, म्हणजे आईचा तोल पुढे जाऊ नये. मास्तर म्हणाले, सावकाश, डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, तुम्ही सांभाळा, मास्तर. जिन्यातल्या दिव्यानंतर दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच नीट हाक मारली.

मावशी जिन्याच्या तोंडाशी भिंत धरून उभ्या होत्या. आम्ही खुर्ची ठेवली. दोघींच्या कानाला अजून फोन होते. मग मावशी म्हणाल्या, "बारीक झालीस." आई म्हणाली, "तू कुठे धडधाकट आहेस." मावशींनी तिच्या गालाला हात लावला आणि तो तिथेच राहू दिला. मला रडू आलं. मी ते घाम म्हणून पुसलं, पण इमारतीला कळलं.

थोड्या वेळाने भानावर येत मास्तर कंबर धरून म्हणाले, आता वर कसं न्यायचं? त्या एका वाक्याने माझ्या व्याख्यानाने न झालेलं काम झालं. शिंपीकाकांनी आपले हात बघितले. दंतवैद्य पायरीवर बसले होते, तिथूनच त्यांनी हात वर केला. म्हणाले, दुरुस्त करा, नवी घ्या, मेकॅनिक जी आधी चालू करेल ती घ्या, पण घ्या. सगळ्या अंगणाने हात वर केले. ठराव एकमताने पास झाला, आमच्या इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदा.

मी आईजवळ गेलो. म्हटलं, जरा दम घेऊ देत सगळ्यांना, मग नेऊ वर. ती म्हणाली, "मला कुठे जायचंय? ही जाईपर्यंत मी इथेच. माझ्या गोळ्या आणि दोन साड्या आणून दे."

ती तिथेच राहिली. बांधलेल्या पेट्यांच्या मधे गादी टाकून. दिवसा दोघी बाकावर बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायच्या, दोन्ही सिनेमांतल्या एकाही नायकाला बायको नीट सांभाळता आली नाही असा त्यांनी निकाल दिला. मी कामावर जाताना दिसलो की आई मला ओळख दाखवायची, जास्त नाही. लिफ्टचा मेकॅनिक येऊन परत डोकं आत घालून गेला आणि सामान मागवतो म्हणाला.

सामान काही मावशी जायच्या आत आलं नाही. मावशींची गाडी सकाळी आली. मुलगी पुढे बसली, मावशी मागे, पेट्या टपावर. आई फाटकापर्यंत चालत गेली, गाडी वळेपर्यंत उभी राहिली, आणि परत येऊन जिन्याखाली ठेवलेल्या खुर्चीत बसली. मी वर बघून कोणाला हाक मारणार, तोच मास्तर आणि दंतवैद्य आपापल्या दारातून बाहेर आले. दोघे तयारच होते. शिंपीकाका मागून आले. प्रत्येकाने आपला पाय धरला.

ही चढण होती, खरोखरची, कप्तानाच्या शिडीसारखी. पण कोणी ते म्हणालं नाही. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवली, दम घेतला, उचलली. आई डोळे मिटून होती. अगदी वर पोचल्यावर तिने डोळे उघडले आणि मास्तरांना विचारलं, "जड झाले का हो मी? तिने फार खाऊ घातलं."

मास्तर जन्मभर मुलांना वजनाचं शास्त्र शिकवत आले होते. "थोड्या झालात, ताई," ते म्हणाले, आणि खुर्ची हळूच खाली ठेवली.